क्रॅप्सच्या टेबलावर फासे हातात आल्यावर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घडलं ते असं: लास वेगासमध्ये तुम्ही पहिल्यांदाच क्रॅप्सच्या, म्हणजे दोन फाशांच्या जुगाराच्या, टेबलाशी उभे राहिलात. फासे समोर आले, तुम्ही ते दोन्ही तळव्यांत धरून खुळखुळवले आणि डीलर ओरडला. पुढच्या फेकीत एक फासा टेबलाबाहेर गेला. त्यानंतर फासे हातात असतानाच तुम्हाला आठवलं की आठावर पैसे लावायचे राहिलेत. मग एका हातात फासे आणि दुसऱ्या हाताने चिप्स चाचपणं सुरू झालं. लगेच सात पडला, म्हणजे तुमची पाळी संपली आणि बहुतेकांचे पैसे गेले, शेजारचे गृहस्थ काहीतरी पुटपुटले आणि तुम्ही चिप्स मुठीत कोंबून काढता पाय घेतलात. आता विचारताय की शूटरने, म्हणजे फासे फेकणाऱ्याने, वागावं कसं, एवढ्या गलक्यात एकाग्र राहावं कसं, आणि त्या गृहस्थांची माफी मागायला हवी होती का.

त्याच शहरात मी अकरा वर्षं या टेबलावर नोकरी केली. आधी बेस डीलर (पैसे घेणारा-देणारा), मग बराच काळ स्टिकमन (काठीने फासे सरकवणारा), शेवटी बॉक्समन (टेबलावर देखरेख करणारा). तुमच्यासारखा गांगरलेला माणूस आम्हाला रोज दिसायचा, त्यामुळे आपणच तेवढे अडाणी निघालो हे आधी मनातून काढून टाका.

शिष्टाचार आणि एकाग्रता हे दोन वेगळे प्रश्न म्हणून तुम्ही विचारलेत. टेबलाच्या आतल्या बाजूला उभं राहून पाहणाऱ्याला ते एकच दिसतात. दोन हातांची चूक निव्वळ माहिती नसल्याची, ती सहज सुटेल. बाकीची सगळी गडबड एका गोष्टीमुळे झाली: फासे तुमच्या हातात आले तेव्हा तुमचं दुसरं काम अजून उरकलेलं नव्हतं. पैसे लावायचे होते, शेजाऱ्याकडे बघायचं होतं, डीलर काय म्हणाला ते समजून घ्यायचं होतं. त्यात फासेही फेकायचे होते.

काही गोष्टी जागेवर अवलंबून असतात, तेही सांगून ठेवतो. फासे जुळवायला किती वेळ मिळेल, फासा भिंतीपर्यंत पोहोचला नाही तर किती वेळा चालवून घेतील, टेबलावर फोन चालेल का, हे प्रत्येक कॅसिनोचं वेगळं. सकाळी अकरा वाजता तीन माणसं असलेलं टेबल आणि शनिवारी रात्री कोपराला कोपर लावून सोळा माणसं उभी असलेलं टेबल, यांचे नियम कागदावर एक असले तरी सबुरी एक नसते. शिकायचं असेल तर सकाळचं टेबल गाठा. डीलर तेव्हा स्वतःहून समजावून सांगतात, आणि टेबलाची किमान पैजही रात्रीपेक्षा बहुधा कमी असते.

आता टेबलावर काय चालतं ते बघा, म्हणजे ओरडणाऱ्याचा राग येणार नाही. खेळाडूंच्या बाजूला मधोमध स्टिकमन उभा असतो, हातात लांब वाकड्या टोकाची काठी. त्याच्या समोर, चिप्सच्या थप्प्यांमागे बॉक्समन बसलेला. बॉक्समनच्या दोन्ही अंगांना एकेक डीलर, आणि त्या डीलरकडे टेबलाच्या आपापल्या अर्ध्या भागातल्या सगळ्यांच्या पैशांचा हिशेब. दान पडलं की स्टिकमन आकडा पुकारतो आणि फासे मध्यभागी ओढून ठेवतो. डीलर आधी हरलेले पैसे उचलतात, मग जिंकलेल्यांना देतात. हे संपलं की स्टिकमन काठीने फासे शूटरकडे सरकवतो. ते सरकायला लागले की पैसे लावायची वेळ संपत आलेली असते.

नवीन स्टिकमन असताना मी एकदा दुसऱ्या टोकाचा डीलर अजून पैसे मोजत असताना फासे पाठवले. शूटरने उचलले, लगेच फेकले आणि सात आला. डीलरचा हात टेबलावर, अर्ध्या लोकांचे पैसे द्यायचे बाकी, आणि कुणाच्या चिप्स आधीच्या दानाच्या आणि कुणाच्या आत्ताच्या यावरून पाच मिनिटं वाद. वर छतातल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघावं लागलं. सुटीत बॉक्समनने मला एवढंच सांगितलं, ‘फासे मध्ये आहेत तोवर टेबल तुझं. फासे गेले की ते शूटरचं.’ शूटरने या वाक्याचा दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवावा. फासे तुमच्याकडे आल्यावर सगळं टेबल तुमच्या हाताकडे बघत थांबलेलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. मागचं दान मिटलं आणि फासे मध्ये पडून आहेत, हा तुमचा वेळ. पास लाइन म्हणजे शूटर जिंकेल यावरची मूळ पैज. पॉइंट, म्हणजे सातच्या आधी पुन्हा पडायला हवा तो आकडा, ठरल्यावर तिच्या मागे ठेवायची जादा रक्कम म्हणजे ऑड्स. ते लावायचे असतील तर तुम्ही स्वतः ठेवायचे. सहा किंवा आठावर लावायचं असेल तर चिप्स समोरच्या कापडावर ठेवून डीलरला स्पष्ट सांगायचं: ‘सिक्स आणि एट, प्रत्येकी बारा.’ डीलरच्या हातात चिप्स द्यायला जाऊ नका, तो घेणार नाही. नोटांचंही तसंच, कापडावर ठेवायच्या. वर बसलेल्या कॅमेऱ्याला प्रत्येक देवघेव दिसली पाहिजे, म्हणून हातातून हातात काही जात नाही. मधल्या चौकटीतल्या पैजा, म्हणजे हार्डवे (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा), इलेव्हन (अकरा) वगैरे, त्या स्टिकमनच्या. त्याच्याकडे चिप हळूच सरकवून पैजेचं नाव घ्यायचं.

रक्कम कशी लावता यावरूनही डीलरला माणूस कळतो. सहा आणि आठावर जिंकल्यास सहाला सात मिळतात, म्हणून तिथे सहाच्या पटीत लावतात: बारा, अठरा, चोवीस. बाकीच्या आकड्यांवर पाचाच्या पटीत. पॉइंट पाच किंवा नऊ असेल तर ऑड्स दोनाला तीन या दराने मिळतात, तिथे सम रक्कम ठेवा. सहा-आठ पॉइंट असताना ऑड्स पाचाला सहा, म्हणून पाचाच्या पटीत. आठावर दहा डॉलर लावणारा माणूस गुन्हा करत नाही, पण त्यातल्या सुट्या चार डॉलरवर त्याला पूर्ण दर मिळत नाही, आणि डीलरला थांबून हिशेब करावा लागतो.

तुमचे आठावरचे पैसे राहिले होते ना? फासे हातात आल्यावर काही राहिलेलं आठवलं तर दोनच मार्ग आहेत. एक, सोडून द्या, पुढच्या फेकीआधी लावा. दुसरा, फासे खाली कापडावर ठेवा, डीलरला सांगा, लावून घ्या आणि मग फासे पुन्हा उचला. दुसरा मार्ग कधीतरी एकदा चालतो. दर फेकीला चालत नाही. फासे एका हातात आणि चिप्स दुसऱ्या हातात, हे मात्र कधीच करू नका, कारण बॉक्समनला नेमकं तेच नको असतं.

आता एकाच हाताचा नियम. फासे बदलणं ही या खेळातली जुनी लबाडी. खरे फासे तळव्यात लपवायचे आणि पारा किंवा शिसं घातलेले, नाहीतर आकडे चुकीचे कोरलेले फासे पुढे करायचे. दोन तळवे एकत्र आले की ते सोपं होतं. म्हणून जगभर एकच नियम आहे: फासे एकाच हाताने उचलायचे, त्याच हाताने फेकायचे, आणि हात पूर्ण वेळ टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. मूठ छातीशी नेऊन, फुंकर मारून, बायकोला फुंकायला देऊन परत आणायची पद्धत चित्रपटात शोभते. टेबलावर मूठ कठड्याच्या मागे गेली की स्टिकमन फासे परत मागतो आणि बॉक्समन ते तपासतो. कॅसिनोचे फासे पारदर्शक असतात, कडा धारदार, ठिपक्यांच्या जागा कोरून रंगाने सपाट भरलेल्या, आणि प्रत्येक फाशावर क्रमांक छापलेला. टेबलाच्या आतल्या भिंतीवर आरसाही असतो, म्हणजे बॉक्समनला फाशाची पलीकडची बाजू दिसते. एवढ्या लोकांनी एवढा बंदोबस्त केलेल्या वस्तूवर तुम्ही दोन हात झाकलेत, तेव्हा ओरडणं हा तिथला शिरस्ताच. त्यात तुमच्यावर संशय नव्हता.

फेकायचे कसे? सुरुवातीला स्टिकमन पाच-सहा फासे पुढे करतो, त्यातले दोन तुम्ही निवडायचे, बाकीचे तो परत ओढून घेतो. दोन बोटं आणि अंगठा पुरतात. खालून वर, सौम्य कमान, आणि फासे टेबलाच्या दुसऱ्या टोकाची भिंत शिवून परत यायला हवेत. त्या भिंतीवर रबराचे छोटे पिरॅमिड बसवलेले असतात, फासे कसेही उसळावेत म्हणून. जोर फार लागत नाही. तुमचा फासा बाहेर का गेला हे मी न बघता सांगू शकतो: तुम्ही भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागावर नेम धरला होता. नेम कापडावर धरा, समोरच्या भिंतीच्या वीतभर अलीकडे. फासे आधी कापडावर टप्पा घेतील, मग हळूच भिंतीला लागतील. समोर कुणाच्या चिप्सचा ढीग असेल तर त्याच्या बाजूची मोकळी जागा बघा. ढिगावर फासे आदळले तरी दान बहुतेक वेळा धरलं जातं, पण डीलरला ढीग पुन्हा रचावा लागतो आणि कुणाच्या चिप्स किती होत्या हे आठवावं लागतं.

फासा बाहेर गेला की ते दान धरत नाहीत. स्टिकमन ‘नो रोल’ पुकारतो, खाली पडलेला फासा आधी बॉक्समनकडे जातो, तो उलटसुलट करून क्रमांक बघतो. तुम्ही ‘सेम डाइस’ म्हणालात तर तपासल्यावर तोच परत मिळतो. न म्हणालात तर दुसऱ्या फाशांतून निवडायला देतात. बरेच खेळाडू फासा पडला की पुढचं दान सात, असं मानतात आणि तेवढ्यापुरते पैसे खेळाबाहेर ठेवायला सांगतात. या समजुतीला काही आधार नाही. पण तुम्ही वाकून फासा शोधायला जाऊ नका, टेबलाखाली शिरलेला खेळाडू कुणालाच आवडत नाही. स्टिकमनकडे बघा, तो काय ते करेल.

फासे न उसळवता कापडावरून घसरवत न्यायचा प्रकारही काही जण करून बघतात. तो खोड्यांत मोडत नाही. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या कायद्यात ती फसवणूक ठरते. चुकून फासे कमी पडले तर ‘भिंतीला लागू द्या’ एवढंच ऐकू येईल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आवाज बदलतो.

एकाग्रतेचं बोलू. तुमच्या प्रश्नात एक आशा दडलेली दिसते, की मन नीट लागलं तर सात लांबवता येईल. फासे जुळवून धरणारे लोक हेच सांगतात. जुळवून धरायला बंदी नाही. दोन-तीन सेकंदांत जुळवले तर आम्ही काही म्हणत नसू. पण त्यामागचा हिशेब कुणी पुरता करत नाही. सगळ्यात लोकप्रिय जुळणी म्हणजे एक आणि सहा हे आकडे दोन्ही फाशांच्या बाहेरच्या बाजूंना, आणि वर, पुढे, खाली, मागे जोड्या. कल्पना अशी की फासे त्या आसाभोवतीच चाकासारखे फिरले तर एक आणि सहा वर येणारच नाहीत. चला, मानलं. मग प्रत्येक फाशावर फक्त दोन, तीन, चार, पाच उरतात. एकूण सोळा शक्यता. त्यात सात किती? दोन-पाच, पाच-दोन, तीन-चार, चार-तीन. सोळात चार, म्हणजे चारात एक. साध्या बेफिकीर फेकीत छत्तीसात सहा, म्हणजे सहात एक. आस अगदी अचूक राखला आणि दोन्ही फासे बरोबरीने फिरले नाहीत, तर सात उलट जास्त येईल! बरोबरीने फिरवले तर फायदा, असं उत्तर मिळतं. त्या रबरी पिरॅमिडवर आदळून दोन फासे बरोबरीने परत फिरलेले मी अकरा वर्षांत पाहिले नाहीत.

मग लांब चाललेल्या हाताचं, म्हणजे एकाच शूटरच्या लांबलेल्या पाळीचं, काय, असं तुम्ही विचाराल. होतात असे हात. 1989 साली लास वेगासच्या कॅलिफोर्निया हॉटेलमध्ये स्टॅन्ली फुजिटाके यांनी तीन तासांहून जास्त वेळ, 118 फेकी टाकल्या. तो विक्रम वीस वर्षं टिकला. 2009 च्या मे महिन्यात अटलांटिक सिटीच्या बोर्गाटात पॅट्रिशिया डिमॉरो यांनी 154 फेकी टाकल्या, चार तास अठरा मिनिटं. आणि या बाई क्रॅप्समध्ये नवख्या होत्या. सामान्य शूटर सात पडून बाद होईपर्यंत सरासरी साडेआठ फेकी टाकतो. तुम्ही तिसऱ्या फेकीवर गेलात, यात विशेष काही झालं नाही.

म्हणजे एकाग्रता निरुपयोगी का? माझ्या मते फासे सोडून बाकी सगळ्यासाठी ती लागते. टेबलावर तुमच्या ताब्यात तीनच गोष्टी आहेत: किती लावायचं, कुठे लावायचं, कधी उठायचं. पास लाइनवर कॅसिनोचा वाटा 1.41 टक्के. ऑड्सवर शून्य. सहा किंवा आठावर थेट लावलं तर 1.52. मधल्या चौकटीतल्या ‘एनी सेव्हन’वर, म्हणजे पुढच्याच फेकीत सात पडेल या पैजेवर, 16.67. फेकीच्या आधीच्या दहा सेकंदांत, गलक्यात, शेजारी ‘हार्ड एट! हार्ड एट!’ ओरडत असताना माणूस नेमका या शेवटच्या प्रकारात हात घालतो. पॉइंट दोनदा जमला की छाती फुगते आणि लोक पाठ थोपटतात, तेव्हा तर हमखास. डोकं जागेवर ठेवायचं ते इथे.

आमच्या टेबलावर एक बाई यायच्या, साठीच्या पुढच्या. नाव सांगत नाही. त्यांचा क्रम ठरलेला. दान मिटलं की आधी ऑड्स ठेवायच्या. मग समोरच्या खाचेतल्या आपल्या चिप्सवरून एकदा बोट फिरवायचं, सतार छेडल्यासारखं. तळवा पँटला पुसायचा. हे होईपर्यंत माझी काठी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असायची. फासे उचलले, फेकले. पुढे जे पडेल ते. जिंकल्या तरी ‘अरे वा’ एवढंच, हरल्या तरी मान हलवून पाण्याचा घोट. त्यांच्या हाती फासे असले की आम्हा चौघांचे खांदे खाली यायचे. त्या काही फार जिंकायच्या असं नाही. पण त्यांना कुणी कधी ओरडलं नाही, त्यांचे पैसे कधी चुकले नाहीत आणि ठरवलेल्या रकमेपलीकडे त्या कधी गेल्याचं मला आठवत नाही. बोटाचा तो फेरा म्हणजे मोजणी होती, हे मला फार उशिरा कळलं.

तुम्हीही असा एखादा छोटा क्रम ठरवून घ्या. काय करता याला महत्त्व नाही, ते फासे पोहोचायच्या आत संपलं पाहिजे. आणि फासे उचलताना मनात एकच गोष्ट: कापडावरची ती वीतभर जागा.

आजूबाजूच्या लोकांबद्दल थोडं. पॉइंट ठरल्यावर ‘सात’ हा शब्द तोंडातून काढू नका. फाशांना कान नसतात, पण माणसांना असतात, आणि बाजूच्या माणसाचे शंभर-दोनशे डॉलर कापडावर असताना त्याच्या समजुतीची परीक्षा घेण्यात काय मिळणार? स्टिकमनलाही तो शब्द विनाकारण उच्चारायचा नसतो. दुसरा कुणी शूटर असताना हात कठड्याच्या आत लोंबकळत ठेवू नका. फासा हाताला लागला की दान तरीही धरलं जातं, आणि त्यानंतर सात पडला तर सगळ्या नजरा तुमच्याकडे वळतात. पेला कठड्यावर नाही, खालच्या फळीवर ठेवायचा. ओल्या कापडावर फासे नीट उसळत नाहीत आणि टेबल बंद ठेवून ते वाळवावं लागतं.

टेबलावर एखादा गप्प उभा असेल आणि सगळे हरले तेव्हा त्याला पैसे मिळाले, तर तो डोन्ट पासवाला. शूटरच्या विरुद्ध लावणं हा त्याचा हक्क आहे, त्याच्याशी वैर धरू नका. कधी स्वतः तिकडून खेळलात तर सात पडल्यावर टाळ्या मात्र पिटू नका. तुम्हाला शूटर व्हायचंच नसेल तर तेही चालतं. फासे आले की मान हलवा, स्टिकमन ते पुढच्या माणसाकडे नेईल. गांगरल्यासारखं वाटत असेल तर पहिले दोन-तीन फेरे नुसते पास लाइनवर लावून दुसऱ्यांचे हात बघा, त्यातच निम्मं शिकून होईल.

डीलरना बक्षिसी द्यायची असेल तर उठताना चिप देऊन जाण्यापेक्षा त्यांच्या नावाने पास लाइनवर छोटीशी पैज लावणं त्यांना जास्त आवडतं. आपल्या चिपशेजारी एक चिप ठेवून ‘डीलर्ससाठी’ म्हणायचं. डीलर तुमच्याबरोबर खेळायला लागतात, आणि नवख्याला लागणारी मदत न मागता मिळते. हे माझ्या जुन्या पोटापाण्याचं बोलणं आहे, तेवढं समजून घ्या!

राहिले ते पुटपुटणारे गृहस्थ. माफी मागायची काही गरज नव्हती. त्यांचे पैसे बहुधा पाच-सहा आकड्यांवर पसरलेले असणार, आणि सात पडला की ते सगळे एकदम उचलले जातात, म्हणून तोंडातून शब्द निघाला. कदाचित तुम्ही हातात फासे घेऊन चिप्स शोधत होतात म्हणून चिडले असतील. चिडणं समजू शकतो, पण सात त्यामुळे आला नाही. अशा वेळी काही बोलू नका. खाली मान घालून खाचेतल्या चिप्स बघा, तेवढ्यात स्टिकमन पाच फासे घेऊन तुमच्या डावीकडच्या माणसाकडे गेलेला असतो आणि टेबल तुम्हाला विसरतं.

आणि खरंच निघायचं असेल तर चिप्स मुठीत कोंबून नेऊ नका. फासे मध्ये असताना सगळ्या चिप्स कापडावर ठेवा आणि ‘कलर’ एवढं म्हणा. वीस लाल चिप्स दिल्यात तर डीलर त्या बॉक्समनसमोर मोजेल आणि एक काळी चिप तुमच्याकडे सरकवेल. लाल पाचाची, काळी शंभराची. तुमचा खिसा हलका राहतो, आणि टेबलाला पुढच्या माणसाला द्यायला सुट्या चिप्स परत मिळतात.